टस्कनीत आठ रात्री एकाच शेतघरात: आजूबाजूची गावे किती पाहावीत?

पायवाट

सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी आणि तिचे आईवडील, इटलीत दहा रात्री राहून आलो. त्यांतल्या पहिल्या दोन ओर्विएतोत काढल्या आणि उरलेल्या आठ सिएनाच्या दक्षिणेला वाल दोर्चा या खोऱ्यात, पिएन्झा आणि सान क्विरिको यांच्या मधल्या एका शेतघरात. निघण्यापूर्वी ज्याला ज्याला विचारले त्याने फ्लॉरेन्स, पिसा, लुक्का, सान जिमिन्यानो, सिएना, आसिसी अशी यादी हातात ठेवली आणि वर "एवढ्या लांब जाताच आहात तर" हे शब्दही जोडले. आम्ही त्या यादीतली बहुतेक नावे खोडली. बरोबर केले की चुकलो, यावर जाणकारांनी लिहावे म्हणून हे थोडे सविस्तर मांडतो आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की, या भागातली गावे एकामागून एक पाहिली तर चौथ्या दिवशी ती एकमेकांत मिसळून जातात. टेकडी, तट, वेस, चौक, चर्च आणि चढण हा क्रम सगळीकडे तोच असतो. त्याऐवजी एक खोरे धरून राहिले आणि त्यातले प्रत्येक गाव खालच्या शेतांकडून वर पाहिले, तर ते तिथे का वसले आणि कशावर जगले हे उमगते.

ही गोष्ट मला कळली ती सिएनाच्या नगरपालिकेच्या जुन्या वाड्यात, म्हणजे पालाझ्झो पुब्लिकोमध्ये. तिथे सिएनाचा कारभार पाहणारे नऊ जणांचे मंडळ बसत असे त्या दालनाच्या भिंतींवर आम्ब्रोज्यो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराची चित्रे रंगवली आहेत. चांगल्या कारभाराच्या लांबलचक भिंतीचा डावा भाग शहराचा आहे: परांचीवर चढलेले गवंडी, दुकाने, फेर धरलेली मंडळी. मध्ये तट आणि वेस, आणि उजवीकडे उघडे रान: नांगरट, मळणी, द्राक्षांच्या ओळी, डुक्कर हाकत शहराकडे निघालेला माणूस. या रानावर 'सुरक्षा' नावाची स्त्री-आकृती पंख पसरून तरंगते आहे. तिच्या एका हातात अभयाचा मजकूर आहे आणि दुसऱ्या हातात एवढासा फाशीचा खांब, त्याला लटकलेल्या माणसासकट. माझे सासरे बार्शीकडचे, आयुष्यभर ज्वारी-तूर केलेले शेतकरी. चर्चमधून ते पाच मिनिटांत बाहेर येत असत, पण या भिंतीसमोर अर्धा तास उभे राहिले आणि मग म्हणाले, "आत जाणारी जनावरं लादलेली आहेत आणि बाहेर येणारे घोड्यावर बसून शिकारीला निघालेत." मार्गदर्शिकेत हे वाक्य नव्हते, पण चित्रात नेमके तसेच आहे.

त्यानंतरचे पाच-सहा दिवस आम्ही त्या चित्राच्या उजव्या अर्ध्या भागात राहिलो असे म्हणायला हरकत नाही. वाल दोर्चाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत २००४ मध्ये समावेश झाला तो एखाद्या इमारतीसाठी नव्हे; चौदाव्या-पंधराव्या शतकांत सिएनाच्या सत्तेखाली ही जमीन ज्या रीतीने आखली आणि लागवडीखाली आणली गेली त्या भूदृश्यासाठी झाला. मात्र जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. छायाचित्रांतला मखमली हिरवा रंग एप्रिल-मेमधला असतो. आम्ही गेलो तेव्हा गहू केव्हाच निघाला होता आणि टेकड्याच्या टेकड्या नांगरून टाकलेल्या होत्या, राखी-तपकिरी, वीतभर उंचीच्या ढेकळांनी भरलेल्या. पत्नीचा क्षणभर हिरमोड झाला. सासऱ्यांनी गाडी थांबवायला लावली, बांधावरून एक ढेकूळ उचलले, नखाने खरवडले, थुंकी लावून बोटांत मळले आणि त्याची गोळी करून मला दाखवली. "ही काळी नाही, पण चिकण तेवढीच. उन्हाळ्यात भेगा पडत असणार आणि पावसात पाय निघत नसणार." दोन दिवसांनी रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी अंगणाबाहेर दहा पावले गेलो तर बुटांना किलोभर माती चिकटली. शेतघराचा मालक हसत हसत खुरपे घेऊन आला.

ही चिकणमाती डोक्यात ठेवून गावे पाहिली की त्यांची गोष्टही बदलते. पिएन्झाचेच पाहा. मूळचे नाव कोर्सिन्यानो. तिथे १४०५ मध्ये जन्मलेला एनेआ सिल्व्यो पिक्कोलोमिनी पुढे दुसरा पायस या नावाने पोप झाला आणि त्याने १४५९ ते १४६२ या तीन वर्षांत बेर्नार्दो रोस्सेल्लीनोकडून आपले खेडे आदर्श नगर म्हणून नव्याने बांधून घेतले. खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला, तरी पोपने वास्तुविशारदाला रागावण्याऐवजी शाबासकी दिली. चौक इतका लहान आहे की एका कोपऱ्यातून सगळे एका नजरेत येते. पण दरीकडच्या टोकाला असलेले कॅथीड्रल अस्थिर जमिनीवर उभे आहे, त्याचा मागचा भाग बांधल्यापासून खचतो आहे आणि आत वेदीकडे चालत गेले की फरशीचा उतार पायांना जाणवतो, भिंतींतल्या भेगाही दिसतात. पोप १४६४ मध्ये वारला आणि गावाची वाढ तिथेच थांबली. आज मुख्य रस्त्यावर पेकोरीनो चीजचा वास दुकानादुकानांतून येतो आणि खरे सांगायचे तर दुपारी अकरा ते चार या वेळेत गर्दीने जीव नकोसा होतो. आम्ही संध्याकाळी सहानंतर जात होतो.

ओर्विएतोतही हेच. खाली रेल्वे स्थानक, वर ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मऊ दगडाचा कडा आणि त्यावर गाव. स्थानकासमोरूनच दोरखेच रेल्वे वर नेते, त्यामुळे ज्येष्ठांची सोय उत्तम. १५२७ च्या रोमच्या लुटीनंतर पोप सातवा क्लेमेंट इथे आश्रयाला आला आणि वेढा पडलाच तर पाणी असावे म्हणून त्याने सान पात्रित्स्योची विहीर खोदायला लावली. ५३ मीटर खोल. भोवताली दोन स्वतंत्र वळणदार जिने आहेत, प्रत्येकी २४८ पायऱ्यांचे, म्हणजे उतरणारी खेचरे आणि पाणी घेऊन चढणारी खेचरे समोरासमोर येत नाहीत. पखालीचे रेडे घाटावर चढताना पाहिलेल्या माणसाला याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

मोन्तेपुल्चानो मात्र फसले. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि ते गाव म्हणजे एकच लांब चढण आहे. अर्ध्या वाटेवरच्या बाकावर त्या बसून राहिल्या आणि आम्ही धावतपळत वरचा चौक पाहून आलो. त्याची भरपाई बान्यो विन्योनीने केली. त्या खेड्याच्या चौकात फरशीऐवजी गरम पाण्याचे मोठे कुंड आहे. त्यात उतरायला बंदी आहे, पण वाहून जाणारे पाणी खाली उतारावर दगडी पाटांतून खेळते आणि तिथे कोणीही पाय सोडून बसावे. "आपल्या वज्रेश्वरीसारखंच, फक्त देऊळ नाही," असे म्हणत सासूबाई तासभर बसल्या.

हिंगजिरे

लेख आवडला. आम्हीही येत्या वर्षी आईबाबांना घेऊन जाणार आहोत, म्हणून दोन रोखठोक प्रश्न विचारते. पूर्ण शाकाहारी माणसांचे खेड्यात जेवणाचे हाल होतात का? आणि शेतघर म्हणजे नेमके काय असते, आपल्याकडच्या कृषी पर्यटन केंद्रासारखे का?

पायवाट

हाल होत नाहीत, पण विचारून खावे लागते. या भागाची खास शेव म्हणजे पीची. नुसती कणीक आणि पाणी, क्वचित थोडे तेल. अंडे बहुधा नसते. शेतमालकीणबाईंनी एका संध्याकाळी ओट्यावर पिठाची लाटी लाटून तिच्या पट्ट्या कापल्या आणि एकेक पट्टी तळव्याखाली पुढेमागे फिरवत हातभर लांब केली. सासूबाई दोन मिनिटे पाहत होत्या, मग त्यांनी बांगड्या मागे सारल्या आणि न विचारताच बसल्या. ज्या बाईने लग्नाघरच्या मालत्या, बोटव्या वळल्या आहेत तिला हे काय अवघड! मालकीणबाई इटालियनमधून आणि या मराठीतून बोलत होत्या आणि दोघींचे छान चालले होते. फरक एवढाच, की सासूबाईंची शेव बारीक येत होती आणि ती जाड हवी म्हणून मालकीणबाई पुन्हा पुन्हा हात धरत होत्या. लसूण आणि टोमॅटोच्या रश्शातली पीची निर्धास्त मागवावी.

सावध राहायचे ते सुपांबाबत. रिबोल्लिता हे शिळा पाव, पांढरा घेवडा आणि काळसर पानकोबी यांचे दाट सूप गरिबाघरचे आणि मुळात भाजीचे, पण काही ठिकाणी त्यात डुकराच्या चरबीचा तुकडा पडतो. पेकोरीनो साधारणपणे कोकराच्या किंवा वासराच्या पोटातल्या विरजणाने लावतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी दुकानात 'काल्यो वेजेताले', म्हणजे वनस्पतीजन्य विरजणाचे, असे विचारावे, मिळते. पावात मीठ नसते. पहिल्या दिवशी आम्हाला तो आजाऱ्याचा वाटला. खारट चीजबरोबर खाल्ल्यावर पटला. आणि बिलात माणशी एक-दोन किंवा तीन युरो 'कोपेर्तो' म्हणून लावलेले दिसतील, ती फसवणूक नाही, बैठकीचा आकार आहे. दुपारी अडीचनंतर आणि संध्याकाळी सातच्या आधी मात्र खानावळी बंद असतात, म्हणून स्वयंपाकघर असलेलीच जागा घ्यावी. आम्ही निम्म्या वेळा खिचडी खाल्ली.

बोलोन्याहून

मी गेली बारा वर्षे इटलीत राहते, म्हणून शेतघराविषयी थोडी भर घालते. कारण पर्यटकांना ती घरे फार काव्यमय वाटतात आणि त्यांचा इतिहास तसा नाही.

टस्कनी, उम्ब्रिया आणि मार्के या भागांत शतकानुशतके 'मेद्झाद्रिया' नावाची पद्धत होती. शब्दातच 'निम्मे' आहे. जमीन, घर आणि बहुधा जनावरे मालकाची. राबणारे कुटुंब कुळाचे. पिकाचे दोन वाटे. आपल्याकडे अर्धेलीने किंवा बटाईने जमीन कसणे म्हणतात त्याच्या जवळचे, फक्त इथे कुळाने त्याच शेतावर मालकाच्या घरात राहायचे अशी अट असे. म्हणूनच दक्षिणेकडच्या इटलीसारखी इथली शेतकरी कुटुंबे एका मोठ्या खेड्यात दाटीने न राहता दर टेकडीवर एकेक सुटे दगडी घर बांधून पसरलेली दिसतात. तुम्ही ज्याला निसर्गसौंदर्य म्हणता ती टेकडी, तिच्यावरचे घर आणि घराकडे जाणारी सुरूच्या झाडांची रांग ही त्या वाटेकरीची मांडणी आहे. खालच्या मजल्यावर बैल, वर माणसे. तुमच्या शेतघरातली जेवणाची कमानदार खोली बहुधा गोठाच असणार.

दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण मंडळी कारखान्यांकडे निघून गेली. १९६४ च्या कायद्याने मेद्झाद्रियाचे नवे करार करायला बंदी घातली आणि हजारो घरे ओस पडली. काही परदेशी लोकांनी ती विकत घेतली. काही शेतकऱ्यांनी राखली आणि १९८५ मध्ये 'आग्रितुरिस्मो'चा राष्ट्रीय कायदा झाल्यावर पाहुणे ठेवायला सुरुवात केली. या कायद्याची मेख अशी की शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे आणि पाहुणचार त्याला पूरक. तेव्हा आरक्षण करताना तिथे खरोखर काय पिकते हे विचारा. उत्तर देताना मालक अडखळला तर ते शेताचे नाव घेतलेले हॉटेल आहे.

पायवाट यांच्या सासऱ्यांचे वाक्य मी माझ्या इटालियन सासूबाईंना अनुवाद करून सांगितले. त्यांचे आजोबा चिआना खोऱ्यात मेद्झाद्रो होते. त्या म्हणाल्या, नाताळला मालकाकडे कोंबडे नेऊन द्यावे लागत आणि ते वाट्याच्या हिशेबात धरत नसत.

घाटवळण

सगळे पटले तरी मूळ मुद्द्याला माझा विरोध आहे, आणि तो नीट नोंदवतो.

पुण्या-नाशिकहून जाणारे मध्यमवर्गीय कुटुंब नव्वद युरो व्हिसाशुल्क भरते, तीस हजार युरोंचा विमा काढते, चार जणांची विमानतिकिटे घेते आणि बहुधा आयुष्यात एकदाच जाते. त्यांना "चार गावे कमी पाहा" हे सांगणे सोपे आहे, कारण सांगणाऱ्याने सिएना पाहून झालेले असते. सान जिमिन्यानो यादीतून खोडणे मला तरी जमले नसते. एकेकाळी तिथे सुमारे ७२ मनोरे होते, त्यांतले १४ उभे आहेत. श्रीमंत घराण्यांनी एकमेकांवर कुरघोडी करायला ते उभारले. पुढे १३४८ च्या प्लेगने गाव अर्धे झाले, १३५३ मध्ये ते फ्लॉरेन्सच्या ताब्यात गेले, यात्रेकरूंची वाटही दुसरीकडून वाहू लागली आणि जुने पाडून नवे बांधायला कोणाकडे पैसाच उरला नाही. म्हणून मनोरे राहिले. सर्वांत उंच मनोरा ५४ मीटरचा, त्यावर चढता येते. हे पाहायला दिवसभरही लागत नाही.

दुसरा विरोध गाडीला. पायवाट यांनी गाडीचा उल्लेख ओझरता केला आहे. आम्ही पहिल्या खेपेस गाडी घेतली होती. एका लहानशा ऐतिहासिक गावात मार्गदर्शक यंत्राने सांगितले तसे वळलो आणि परत त्याच कमानीतून बाहेर पडलो. कोणी अडवले नाही, काही वाजले नाही. दोन महिन्यांनी गाडी भाड्याने देणाऱ्याने क्रेडिट कार्डावरून चाळीसेक युरो कापले, कशासाठी तर आमचा पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल; आणि सात महिन्यांनी घरी दंडाची नोटीस आली, नव्हे दोन आल्या, आत जाण्याची एक आणि बाहेर पडण्याची दुसरी. वाहतुकीस मर्यादित क्षेत्र, म्हणजे 'झेडटीएल', याची पाटी लाल वर्तुळाची असते आणि तिच्यावरचा कॅमेरा विसरत नाही.

दुसऱ्या खेपेस आम्ही पाच रात्री सिएनात राहिलो आणि सगळे सार्वजनिक वाहनांनी केले. फ्लॉरेन्स दीड तासाच्या आगगाडीवर आहे. पोज्जीबोन्सीपर्यंत आगगाडी आणि तिथून बस पकडली की सान जिमिन्यानो. संध्याकाळी परत येऊन कांपोच्या विटांवर पाय पसरून बसायचे. तो चौक शिंपल्यासारखा उतरता आहे आणि नऊ पाकळ्यांत विभागलेला आहे, त्या नऊ जणांच्या मंडळाच्या आठवणीचा. दिवसभराचे ऊन विटांनी धरून ठेवलेले असते आणि रात्री आठलाही पाठीला उबदार लागते. खेड्यातल्या शेतघरात रात्री आठला काय करायचे?

पायवाट

झोपायचे! पण आपला पहिला मुद्दा मी मान्य करतो. एकदाच जाणाऱ्याचे गणित वेगळे असते आणि तसे पाहता मीही सिएनात एक पूर्ण दिवस घातलाच. तिथले अपुरे कॅथीड्रल पाहिल्याखेरीज मला परतणे शक्य नव्हते. फ्लॉरेन्सवर मात करायची म्हणून १३३९ मध्ये सिएनाकरांनी असे ठरवले की आहे ते भले मोठे कॅथीड्रल नव्या कॅथीड्रलचा नुसता आडवा बाहू करायचा. नऊ वर्षांनी प्लेग आला आणि काम थांबले. नियोजित दर्शनी भिंत आजही एकटी आकाशात उभी आहे, तिच्यावर चढून जाता येते, आणि खाली जिथे सभागृह व्हायचे होते तिथे गाड्या उभ्या असतात. आपण सान जिमिन्यानोबद्दल जे लिहिलेत तेच इथेही लागू पडते: ज्या साली हात थांबले ते साल या गावांनी जपून ठेवले आहे. लोरेन्झेत्तीही बहुधा त्याच प्लेगमध्ये गेला.

गाडीबाबत मात्र मी ठाम आहे. वाल दोर्चात बस आहेत, पण शाळेच्या वेळा सांभाळणाऱ्या. रविवारी जवळपास नाहीतच. ज्येष्ठांना घेऊन शेतघरात राहायचे तर गाडीला पर्याय नाही. रोममधून गाडी काढण्याचे धाडस करू नये. आम्ही रेल्वेने ओर्विएतोला आलो आणि तिथे घेतली. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओतून आधीच काढून न्यावा, आणि कोणत्याही गावात तटाच्या आत गाडी न्यायचीच नाही, हा नियम यंत्राने काहीही सांगितले तरी पाळावा. तटाबाहेर वाहनतळ असतातच.

बोलोन्याहून

दंडाबाबत पुरवणी: परदेशी राहणाऱ्यांना नोटीस पाठवायला ३६० दिवसांची मुदत असते, त्यामुळे "सहा महिने झाले, आता काही येत नाही" असे समजू नये. नोटीस हाती पडल्यापासून पाच दिवसांत भरली तर रकमेत ३० टक्के सूट मिळते. तटाच्या आत मुक्काम असेल तर हॉटेलला गाडीचा क्रमांक आधी कळवा, ते यादीत टाकून देतात.

मावळतीर

चर्चा टस्कनीभोवतीच फिरते आहे, म्हणून उम्ब्रियाकडे लक्ष वेधतो. मराठी माणसाला तिकडे जाण्याचे एक कारण आहे, जे पर्यटन कंपन्यांच्या यादीत नसते.

पेरुज्याच्या उत्तरेला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मोन्तोने नावाचे तटबंदीचे टुमदार गाव आहे. याच खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे त्या ठाण्यावर धावून गेले, हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, गोळ्या भरायला वेळ नव्हता तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने दोघांना लोळवले आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळीने तिथेच पडले. वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगड जिल्ह्यातल्या माणगावाला त्यांचा पुतळा आहे, तो मुंबई-गोवा रस्त्याने जाणाऱ्या अनेकांनी पाहिला असेल. मोन्तोनेत २०२३ च्या जुलैमध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघडी उभारली गेली. त्यांना ज्ञात कबर नाही. नाव कासिनोच्या युद्धस्मारकावर कोरलेले आहे.

आम्ही आसिसीत तीन रात्री राहून एक दिवस तिकडे गेलो. आसिसीविषयी थोडक्यात: संत फ्रान्सिस १२२६ मध्ये निवर्तले आणि दोनच वर्षांत त्यांच्या बासिलिकाची, म्हणजे मोठ्या चर्चची, पायाभरणी झाली. २६ सप्टेंबर १९९७ च्या भूकंपात वरच्या चर्चचे छत कोसळून चार जण दगावले आणि भित्तिचित्रांचा चुरा झाला. तो वेचून, तुकडा तुकडा जुळवून परत बसवला आहे. वर पाहिले की जिथे जुळणी होऊ शकली नाही तिथे कोरी जागा सोडलेली दिसते. आत जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत.

आणि फ्लॉरेन्सला जाणार असाल तर काशीने उद्यानाच्या अगदी पश्चिम टोकाला, आर्नो आणि मुन्योने यांच्या संगमावर, दोन तास काढून जा. कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले, अवघ्या विसाव्या वर्षी, आणि त्यांच्यावर तिथे नदीकाठी अग्निसंस्कार झाले. १८७४ मध्ये उभारलेली छत्री आणि तिच्याखालचा फेटा बांधलेला रंगीत अर्धपुतळा अजून आहे. शेजारच्या पुलालाही फ्लॉरेन्सकर 'इंदियानो'चा पूल म्हणतात.

घाटवळण

काशीनेच्या छत्रीपर्यंत आम्ही पायी गेलो होतो. आसपास सायकली आणि कुत्री फिरवणारी माणसे होती. त्यांच्यातल्या एका आजोबांनी आम्ही भारतीय आहोत हे ओळखून "तुमचा राजा" एवढेच म्हटले आणि पुढे गेले. आमच्या सगळ्या सहलीतले तेच एक ठिकाण असे होते की तिथे कोणी छायाचित्र काढण्याची घाई केली नाही.

हिंगजिरे

सर्वांचे वाचून आराखडा असा ठरतो आहे: चार रात्री सिएना, गाडीविना, त्यात सान जिमिन्यानो. मग गाडी घेऊन पाच रात्री शेतघर. एक पूर्ण दिवस मोन्तोनेसाठी, कारण माझे माहेर माणगाव तालुक्यातले आहे आणि बाबांना हे कळल्यापासून ते दुसरे काही ऐकायला तयार नाहीत. चिविता दि बान्योरेज्यो करावे का? आणि महिना कोणता?

पायवाट

चिविता सुंदर आहे, पण आईबाबांचे पाय पाहून ठरवा. मऊ दगडाचा माथा, त्याखाली चिकणमाती, ती दर पावसाळ्यात वाहून जाते आणि गाव काठाकाठाने ढासळते. आत जायला लांबच लांब पादचारी पूल हाच एक रस्ता आहे, शेवटचा टप्पा खडा, आणि प्रवेशशुल्क ५ युरो. आमच्यातले दोघे गेले. दोघे समोरच्या कठड्यावर बसले आणि त्यांना तिथून गाव अधिक चांगले दिसले.

महिना मे. हिरवळ असते आणि ऊन सोसवते. सिएनातली पालियोची घोडदौड २ जुलै आणि १६ ऑगस्टला असते. शहराच्या सतरा कोन्त्रादांपैकी, म्हणजे मोहल्ल्यांपैकी, दहांचे घोडे धावतात. ती पाहायची नसेल तर त्या दिवसांच्या आसपास सिएना टाळा, खोल्या मिळत नाहीत. ऑक्टोबरच्या अखेरीपासून ऑलिव्ह उतरवतात आणि ताज्या तेलासाठी काही लोक मुद्दाम तेव्हा जातात.

सासऱ्यांनी निघताना शेतमालकाला बजावून सांगितले होते की पेरणी झाली की कळव. परवा त्याचे छायाचित्र आले. ज्या बांधावर आम्ही गाडी थांबवली होती तिथूनच काढलेले आहे. ढेकळे विरघळून जमीन सपाट झाली आहे आणि ओळीओळीने गहू चार बोटे वर आला आहे. सासऱ्यांनी ते मोठे करून पाहिले आणि विचारले, "दोन ओळींत अंतर किती ठेवलंय, विचार त्याला."